भरवसा आणि अंदाजपत्रक

दिंडीच्या कोठीवर बसणाऱ्या माणसाला एक बोलणे दरवर्षी ऐकावे लागते. चैत्र-वैशाखात तो वही काढून बसला, किती माणसे येतील, गहू किती पोती लागेल, ट्रकवाला काय घेईल, याची टिपणे करू लागला, की कोणी तरी वडीलधारे वारकरी म्हणतात, "अहो, ही पांडुरंगाची वारी. तिचा हिशेब तुम्ही काय मांडणार? ज्याने चोच दिली तो चारा देईल." कोठीवाला बिचारा हसतो आणि वही मिटतो. मग ज्येष्ठ लागला म्हणजे तीच वही हळूच पुन्हा उघडतो.

वाचकहो, हे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. बोलणारा मनुष्य श्रद्धावान आहे, आणि त्याच्या मागे मोठी परंपरा उभी आहे. संग्रहाची संतांना शिसारी होती. तुकाराम महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, छत्रपतींकडून आलेला नजराणा परत पाठविला, या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग त्याच महाराजांचे नाव घेऊन चालणाऱ्या दिंडीने, मठाने, धर्मशाळेने, अन्नछत्राने पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक करावे, चार पैसे बाजूला टाकावे, हा देवावरचा अविश्वास नव्हे काय? असा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर 'व्यवहार पाहावा लागतो हो' एवढ्याने होत नाही. व्यवहार पाहावा लागतो म्हणून परमार्थ बाजूला ठेवायचा असेल, तर दिंडी काढायचीच कशाला?

उत्तर त्या खतांच्या कथेतच आहे, फक्त ती पुरती ऐकली पाहिजे. महाराजांनी खते नदीत टाकण्यापूर्वी त्यांच्या वाटण्या केल्या. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांनी कान्होबांच्या हाती दिला, आणि उरलेली, आपल्या वाट्याची, तेवढीच बुडविली, असे परंपरा सांगते. कीर्तनात हा भाग बहुधा घाईने उरकला जातो. पण त्यात केवढा विवेक आहे! वैराग्य माझे, म्हणून बुडणार तेही माझेच. भावाच्या मुलाबाळांचा घास माझ्या वैराग्यापायी इंद्रायणीत टाकण्याचा मला अधिकार नाही.

अलीकडच्या काळातले उदाहरण गाडगेबाबांचे. अंगावर चिंध्या, हातात खराटा, खायला फुटके गाडगे. स्वतःसाठी उद्याची म्हणून त्यांनी काडी ठेवली नाही. पण पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी ज्या धर्मशाळा त्यांनी उभ्या केल्या, त्या काय चिंध्यांच्या होत्या? पक्क्या बांधल्या, आणि त्यांच्या मागे व्यवस्था लावून दिली. बाबा १९५६ साली गेले, तरी त्यांच्या पाठीमागे गोरगरिबांना निवारा राहिला. ज्याने स्वतःचा उद्या देवावर टाकला, त्याने लोकांचा उद्या मात्र नीट बांधून ठेवला. यात विसंगती कोणाला दिसत असेल तर दिसो. मला तर दोन्ही एकाच वृत्तीची अंगे वाटतात.

आता आपल्या कोठीवाल्याकडे येऊ. त्याच्या पेटीतला पैसा त्याचा नाही, फडकऱ्यांचाही नाही. तो दिला एकाने, खाणार दुसरा, आणि मधे हा उभा आहे. मधे उभा असलेल्या माणसाला 'मी देवावर भरवसा ठेवला' असे म्हणून मोकळे होता येईल का? भरवसा त्याने ठेवला, पण चुकला तर उपाशी राहणार तो नव्हे. तिसऱ्या पंगतीला बसलेली म्हातारी राहणार.

हे कसे घडते ते आकड्यांनी पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, ज्याने त्याने आपल्या दिंडीचे घालावेत. समजा २०० माणसांची दिंडी आहे. कोणी वर्गणी म्हणतो, कोणी भिशी म्हणतो, ती माणशी ३,००० रुपये. जमा झाले ६ लाख. यातले ३ लाख ट्रक, पाण्याचा टँकर, तंबू, आचारी यांना जातात. माणसे कमी आली म्हणून ट्रकवाला भाडे कमी करीत नाही. उरलेले ३ लाख म्हणजे माणशी दीड हजाराचा शिधा. जमाखर्च बरोबर बसला, विठ्ठल विठ्ठल.

पुढल्या वर्षी पाऊस लांबला, पेरण्या खोळंबल्या, आणि २०० च्या जागी १६० च माणसे आली. जमा झाले ४ लाख ८० हजार. खर्च किती? ट्रक-टँकरचे ३ लाख तसेच, शिधा २ लाख ४० हजार, एकूण ५ लाख ४० हजार. माणसे पाचवा हिस्सा घटली, खर्च मात्र दहावा हिस्साच घटला. ६० हजारांची तूट आली. कोणी चोरी केली नाही, कोणी उधळपट्टी केली नाही, तरी आली.

ही तूट कोणाच्या तरी ताटात पडणारच. ट्रकवाला आपले घेतो, टँकरवाला आपले घेतो, मंडपवाला तर आगाऊच घेतो. जो मागू शकतो त्याचे भागते. मग आठव्या-नवव्या मुक्कामाला भाजी पातळ होते, दूध बंद होते, आणि फलटणच्या पुढे कोणी तरी हळूच म्हणते, "ते वर्गणी न भरता मागून चालणारे पाचपंचवीस आहेत ना, त्यांना म्हणावं, दुसरी दिंडी बघा." म्हणणारा दुष्ट नसतो. पण ज्याचा आवाज नाही त्याच्यावर कुऱ्हाड पडते, आणि ती पाडली कोणी हे कोणालाच कळत नाही, कारण ठरवून कोणी काहीच केलेले नसते.

अंदाजपत्रकाचे खरे प्रयोजन इथे आहे. पुढचे सगळे आपल्याला कळते असा त्याचा दावा नाही. कमी पडले तर आधी काय थांबवायचे आणि काय कधीच थांबवायचे नाही, हे डोके शांत असताना, सर्वांच्या देखत ठरविणे, एवढेच त्याचे काम. २० माणसे विनावर्गणी चालणार असे वैशाखातच वहीत लिहिले, तर त्यांच्या शिध्याचे ३० हजार रुपये होतात. ते २०० वर वाटले तर माणशी दीडशे. एवढे कोणाला जड आहे? पण हेच लिहिले नाही, तर ती २० माणसे दिंडीवरचे ओझे ठरतात. लिहिली की ती दिंडीचीच माणसे.

म्हणून मी म्हणतो, वहीत पहिली ओळ जमेची नसावी. आपण कशासाठी निघालो, ही असावी. दिंडी कशासाठी? चालणाऱ्याने नामस्मरणात चालावे आणि त्याला दोन वेळचे अन्न, पाणी, निवारा मिळावा यासाठी. मग स्पीकर नवा, स्वागताची कमान, छापील पत्रिका, पाहुण्यांचे नारळ-शाली, ही सारी कलमे या ओळीपुढे आणून उभी करावीत. काही टिकतील, काही आपोआप लाजून खाली बसतील. एका वर्षाचे पाहू नये. तीन वर्षांनी आपल्याला काय हवे आहे? मुक्कामावर बायकांसाठी आडोशाची स्नानगृहे हवी असतील, तर ती एका वर्षाच्या शिलकीतून होणार नाहीत. त्यासाठी यंदापासून थोडे थोडे निराळे काढावे लागेल, आणि निराळे काढलेले दुसरीकडे वळवणार नाही असा ठराव करावा लागेल.

देणगीदारांच्या बाबतीत बोलणे नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. सज्जन मनुष्य येतो, म्हणतो, "महाराज, मठाला संगमरवरी फरशी घालतो, वडिलांच्या नावाची पाटी तेवढी लावा." मठात पाण्याची टाकी गळते आहे, संडासांना दारे नाहीत. पण टाकीवर पाटी कोण लावणार? फरशी येते. तिच्यामागून तिची पुसणी, पॉलिश, ती निसरडी झाली म्हणून चटया, असा खर्च दरवर्षी येतो, आणि तो देणारा मात्र कोणी नसतो. फुकट मिळालेली वस्तू पोसावी लागते, हे हत्ती दान मिळालेल्या ब्राह्मणाला विचारावे. अशा वेळी नजराणा परत करण्याची ती जुनी कथा आठवावी. तो परत करताना महाराजांच्या मनात देणाऱ्याचा अनादर होता असे कोण म्हणेल? घेतले तर आपण निघालो त्या वाटेवरून ढळू, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. विश्वस्तांनीही दात्याला नम्रपणे म्हणावे, "दादा, फरशी नको, टाकी द्या." दहांतले सहा रागावतील. उरलेले चार देतील, असा माझा समज आहे.

एकदाच मिळणारा पैसा आणि दरसाल लागणारा खर्च यांची गल्लत तर सर्रास होते. राज्य सरकारने २०२४ साली पालख्यांतील दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये देण्याचे जाहीर केले, तेव्हा वारकऱ्यांत दोन मते पडली. घ्यावे की न घ्यावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा भाग. पण घेतले, तरी त्यावर दरवर्षीचा आचारी ठेवू नये. त्याची ताडपत्री घ्यावी, मोठी पातेली घ्यावी. उलट दरसालचे काम अंगावर घेणे म्हणजे काय, ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडे पाहावे. हैबतबाबांच्या काळापासून माऊलींच्या सोहळ्याला त्यांच्याकडचे अश्व येतात. एकदा देऊन फोटो काढून घेण्याचे हे काम नव्हे.

आता शिलकीविषयी. इथे मात्र मला त्या वडीलधाऱ्या वारकऱ्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्यांची भीती खोटी नाही. 'अडीअडचणीला' म्हणून ठेवलेला पैसा हळूहळू वाढतो, वाढला की गोड लागतो, आणि मग दाराशी अडचण आली तरी 'याहून मोठी अडचण येईल तेव्हा बघू' असे होते. बँकेत ठेवींच्या पावत्या आणि पंगतीत पातळ आमटी, अशीही ठिकाणे आहेत. तेव्हा शिल्लक किती असावी? जमेल तितकी, हे उत्तर लोभाचे आहे. मुळीच नको, हे उत्तर दुसऱ्याच्या जिवावरच्या वैराग्याचे आहे. आपल्या उदाहरणातल्या दिंडीत १६० च भरणारे आले आणि २० विनावर्गणी चालले, तर तूट ९० हजारांची येते. म्हणजे एका वाईट वर्षाला ९० हजार, लागोपाठ दोन आली तर १ लाख ८० हजार. याच्या वर पेटीत जे असेल त्याचे कारण विश्वस्तांनी लोकांना सांगितले पाहिजे. कारण सांगता येत नसेल, तर ते भुकेल्यांचे आहे, त्यांना वाढावे.

कायद्यानेही हाच मध्य धरला आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने धर्मादाय संस्थांना घालून दिलेली रीत अशी, की वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के संस्थेच्या कामाला लावावेत. अधिक साठवायचे तर ते कशासाठी हे सांगून, मुदतीने साठवावे. आणि आपल्या राज्याच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात, ठराविक रकमेहून अधिक उत्पन्नाच्या संस्थेने वर्ष सुरू होण्याच्या निदान महिनाभर आधी अंदाजपत्रक करून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे, असे कलम आहे. पुष्कळ ठिकाणी ते कागद हिशेबनीस मागच्या वर्षाचे आकडे थोडे वाढवून भरून टाकतो, विश्वस्त सह्या करतात, आणि प्रसाद घेऊन सगळे उठतात. त्याला अंदाजपत्रक म्हणण्यात अर्थ नाही.

शिलकीत आणखी एक गाठ आहे, देणाऱ्याच्या हेतूची. ती आपल्याच मठांना पडते असे नाही. २००१ च्या ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये अनर्थ झाला, तेव्हा अमेरिकेच्या रेडक्रॉसकडे लोकांनी ५० कोटी डॉलरहून जास्त रक्कम लोटली. इतके पैसे तात्काळ लागणार नव्हते. संस्थेने त्यातला मोठा भाग पुढच्या संकटांसाठी राखून ठेवावा असे योजिले. विचार शहाणपणाचाच होता, नाही का? पण लोक भडकले. आम्ही या मृतांच्या घरांसाठी दिले, तुमच्या उद्यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ऑक्टोबरात संस्थेच्या अध्यक्षा पायउतार झाल्या, आणि नोव्हेंबरात सगळा पैसा पीडितांसाठीच खर्च होईल असे जाहीर करावे लागले. राखून ठेवणे चूक नव्हते, देणाऱ्याला आधी न सांगता राखणे चूक होते. एकादशीच्या फराळासाठी म्हणून दिलेल्या पैशातून मठाची भिंत बांधली, तर भिंत कितीही गरजेची असो, गोष्ट तीच.

'मग दामाजीपंतांचे काय?' असे कोणी विचारील. त्यांनी बादशहाची कोठारे दुष्काळात लुटविली, कोणाला विचारले? प्रश्न योग्य आहे. प्राणावर बेतले असता नियम मोडावाच लागतो, आणि मोडणाऱ्याने त्याचे प्रायश्चित्त अंगावर घ्यायला तयार राहावे. पंत तयार होतेच, मंगळवेढ्याहून बेदरला निघाले होते. पण कथेचा शेवट पाहा. देव विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून दिली, आणि पावती घेतली. प्रत्यक्ष पांडुरंगालासुद्धा पावती घ्यावीशी वाटली, बरं का! आणि दुसरे असे, की वाटायला कोठारात धान्य होते, कारण सुकाळात कोणी तरी ते भरून ठेवले होते.

वही लिहिणाऱ्याच्या मोबदल्याविषयी थोडे. 'आमचा सगळा पैसा अन्नदानालाच जातो, कारभारावर एक रुपया खर्च नाही' असे फलकावर लिहिण्याची चाल पडली आहे. ऐकायला गोड आहे. पण मग पावत्या कोण फाडतो, कोठीची मोजणी कोण करतो, तपासनिसाची फी कोण देतो? कोणी फुकट सेवा करीत असेल तर आनंद आहे. नसेल, तर तो खर्च कुठल्या तरी दुसऱ्या नावाखाली दडलेला असतो, आणि दडवण्याची सवय लागली की ती एका कलमावर थांबत नाही. नाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहीत. एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, मग भवाची चूक सापडली तर केवढा होईल! आपण कीर्तनात पुढचा अर्थ सांगतो, तो बरोबरच आहे. पण 'सोड ती पै' असे स्वामी म्हणाले नाहीत, हेही ध्यानात असावे.

साथीच्या दोन वर्षांनी, २०२० आणि २०२१ ने, ही शिकवण सगळ्यांना एकदमच दिली. पायी वारी नाही, पादुका एस. टी. तून पंढरीला गेल्या. यात्रा नाही म्हणजे दानपेटी नाही, वर्गणी नाही. पण गोठ्यातली गाय चारा मागतच होती, विजेचे बिल येतच होते, धर्मशाळेचा रखवालदार पोटाला मागतच होता. ज्यांनी थोडे राखले होते त्यांनी रखवालदाराला सांभाळले. ज्यांनी नव्हते राखले, त्यांनी त्याला 'माऊली तुमचं भलं करो' म्हणून घरी पाठविले.

अशी आपत्ती रोज येत नाही, पण पंचांग तर दरसाल येते, आणि आपली अंदाजपत्रके त्याच्याकडेही पाहत नाहीत. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, आणि आपल्या वाऱ्या तिथीवर. २०२५ ची चैत्री एकादशी ८ एप्रिलला, आणि २०२६ ची २९ मार्चला. म्हणजे २०२५-२६ या एकाच हिशेबी वर्षात चैत्री वारी दोनदा. पुढची चैत्री एप्रिल २०२७ मध्ये, म्हणजे २०२६-२७ च्या वर्षात चैत्री मुळीच नाही. मागच्या वर्षाचा आकडा उतरून काढणारा हिशेबनीस या ठिकाणी नक्की फसणार. अधिकमासाचेही तेच. २०२३ साली श्रावण अधिक आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. पंढरीत चातुर्मासाला राहणाऱ्या मंडळींची चूल चारऐवजी पाच महिने पेटली. अधिकमास अचानक येतो असे थोडेच आहे? सुमारे दर तेहतीस महिन्यांनी येतो, हे पोरालाही ठाऊक. तरी पाचव्या महिन्याचे तांदूळ आणायला ऐन वेळी उधारीवर जावे लागते ते का?

हे सगळे कोणी करायचे, तर फडकरी, कोठीवाला आणि चालणाऱ्यांतले दोघे-चौघे, त्यांत एक तरी बाई असावी, कारण पाण्याची आणि आडोशाची टंचाई तिला आधी कळते. पान-दोन पानांचे झाले तरी पुरे. वैशाखातल्या एखाद्या एकादशीला कीर्तनानंतर ते साध्या मराठीत वाचून दाखवावे. जमा किती धरली, खर्च किती, कमी पडले तर आधी काय थांबेल, शिल्लक किती आणि कशासाठी. लोकांनी विचारावे, उत्तर द्यावे. वाचताना एवढे मात्र सांभाळावे, की विनावर्गणी चालणारी माणसे किती, हा आकडाच वाचावा. ती कोण, हे कोठीवाल्यापलीकडे कोणाला कळण्याचे कारण नाही.